नावावरची पट्टी

तिचं नाव मी सांगणार नाही.
आमच्याकडे माणूस गेलं की त्याचं नावही काही काळ झोपतं,
हाक मारून उठवायचं नसतं.
तेव्हा नुसतं ‘ती’. चालवून घ्या.

मी पोरांच्या फुटी संघाचा पंपवाला.
चेंडूत हवा भरायची, नाडी आवळायची,
जाळीच्या पिशव्या ट्रकमधून उतरवायच्या,
हरलो की संत्री कापायची.
जिंकलो तरी संत्रीच.

पहिला चेंडू तिनं रंगवला तो माझ्या हट्टानं.
जुना, लांबोडका, कातडं उललेलं.
उवा काढायला नातवाचं डोकं धरावं
तसा मांडीत धरला तिनं,
काडीचं टोक रंगात बुडवून
ठिपका, ठिपका, ठिपका.
मधे झिरा, तिच्या बापाच्या मुलखातला,
वाळू उकरली की हाताला लागणारा.
भोवती बसलेल्या बायका, नालाच्या आकाराच्या.
शेजारी खणायची काठी.
‘आणि ही रांग कसली?’
‘ती तुझी नाही,’ म्हणाली. ‘तू हवा भर.’

मग शहरातून गाडी आली.
दोन माणसं; एकाच्या बुटांना अजून दुकानाचा वास.
दहा हजार चेंडू, म्हणाले.
करार तिनं झॅरिककडून तीनदा वाचून घेतला,
पैशांच्या ओळीवर बोट ठेवून चौथ्यांदा.
नक्षी देताना ती रांग तेवढी गाळली.
कुणाला कळलं नाही.
जुना चेंडू माझ्याकडे होता, म्हणून मला.

खोक्यावर छापायला चाळीस शब्दांत अर्थ हवा होता त्यांना.
ती बराच वेळ गप्प. माश्या हाकलल्या.
चहात चौथा चमचा साखर.
‘लिहा,’ म्हणाली, ‘हा चेंडू आहे. लाथ मारा.’

चेंडू आले. संत्र्याच्या फोडींसारखे शिवलेले चार तुकडे,
आणि शिवणीलगत तिचं नाव, सोनेरी.
तिनं नखानं खरवडून पाहिलं.
‘पक्कं बसवलंय,’ म्हणाली.
कौतुक होतं की कुरकुर, आजही सांगता येत नाही.

थंडीत गेली. ॲलिस स्प्रिंग्जला,
यंत्राला जोडलेल्या खुर्चीत, घरापासून पाचशे किलोमीटरवर.
तिचं घर रिकामं केलं, अंगण झाडून काढलं.
दुकानातला फोटो भिंतीकडे तोंड करून.
तीन आठवडे मैदानावर फक्त एक कुत्रा,
गोलच्या खांबाला टेकलेला.

मग सामना ठरला. पिशवी उघडली तर
अठरा चेंडू. अठरा वेळा तेच नाव.
सेसिली मागे सरकली. बाकीचे बुटांकडे बघत राहिले.
झॅरिक पाण्याच्या टाकीकडे चालू लागला,
तिनंच वाढवलेला तो.
पंच बाहेरचा. घड्याळ बघत म्हणाला, काय अडलंय?

माझ्या पेटीत घोट्याला बांधायची काळी पट्टी होती.
दातांनी तोडली. एकेक नाव झाकत गेलो
अंगठ्यानं दाबून, न वाचता.
(न वाचणं फार अवघड.
डोळे आधीच पोचलेले असतात.)
‘यानं चेंडूचा तोल जाईल,’ पंच म्हणाला.
जाईल, मी म्हटलं.

आणि गेलाच.
पहिल्याच लाथेला चेंडू हवेत डगमगला,
झिरा वर बायका खाली, बायका वर झिरा खाली,
खांबांना बगल देऊन
कुंपणापलीकडे काटेरी गवतात.
एकेचाळीस गुणांनी हरलो.

संत्र्याची साल चघळत सेसिली म्हणाली,
सरळ गेलाच नाही एकदाही. अगदी तिच्यासारखा.
झॅरिक हसला. त्या महिन्यात पहिल्यांदा.

वर्षा-दोन वर्षांनी घरचे म्हणतील, आता चालेल.
तेव्हा पट्ट्या सोलायच्या आहेत.
डिंक उरेल, लाल धूळ धरलेला;
सोनेरी अक्षरं खाली राहिली असतील
की पट्टीबरोबर निघून येतील, बघू.

जुना चेंडू माझ्या खाटेखाली आहे.
त्यावर नाव नव्हतंच कधी. ती रांग आहे.
कुठून तरी बारीक सुटतो तो,
दर रविवारी थोडा मऊ लागतो हाताला.
मी हवा भरतो.